दोन हजार एक सालची नोट

सिफाएली मकुंडीच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात आठ महिने शंभर डॉलरची नोट होती, आणि त्याच आठ महिन्यांत त्याची बायको आनांसिया साखरेची वाटी घेऊन शेजारणीच्या दारात किती वेळा उभी राहिली, त्याला गणती नव्हती.

"आमचे हे डॉलरवाले," ती शेजारणीला सांगायची. "पण डॉलर चहात विरघळत नाही ना, म्हणून वाटी घेऊन यावं लागतं."

नोट खरी होती. बनावट असती तर सिफाएलीने ती केव्हाच चुलीत घातली असती आणि विषय संपला असता. चेहरा खरा, कागद खरा, उजेडात धरल्यावर आतून उमटणारी सावलीसुद्धा खरी. फक्त चेहऱ्याच्या बाजूला बारीक अक्षरात साल छापलं होतं, दोन हजार एक. आणि मोशी गावात दोन हजार सहाच्या आधीचा डॉलर कुणी हातात धरत नाही. कुणी म्हणतं जुन्यांत नकली फार, कुणी म्हणतं बँकेचं यंत्र त्यांना ओळखत नाही. कारण कुणालाच नीट ठाऊक नाही, नियम मात्र शेंगदाणे विकणाऱ्या बाईलाही पाठ. जुनं साल नको. घडी पडलेली नको. कोपरा फाटलेला नको, शाईचा ठिपका नको, टाचणीचं भोक नको. डॉलर कसा, तर लग्नातल्या नवऱ्यासारखा इस्त्री करून आलेला हवा.

शिलिंगच्या नोटेचे असले लाड कुणी करत नाही. मासळीबाजारात भिजलेली, घामाने काळी पडलेली, मधोमध चिकटपट्टी लावलेली पाचशेची नोटसुद्धा मिनीबसचा कंडक्टर न बघता बोटांच्या बेचक्यात खोचतो. आणि अलीकडे तर नोटही लागत नाही. केळी विकणारी म्हातारी फोन पुढे करते, यात टाक म्हणते. त्या गावात साठीला टेकलेला एक माणूस शंभर डॉलर खिशात घेऊन फिरत होता आणि त्याला त्याची पावशेर साखर येत नव्हती.

सिफाएली डोंगरावरचा आचारी. किलिमांजारो त्याच्या घराच्या मागच्या केळीच्या बागेतून दिसतो, पण तो त्याला कधी किलिमांजारो म्हणत नाही. नुसता 'डोंगर' म्हणतो, जसं गिरणीकामगार नुसतं 'गिरणी' म्हणतो. अठ्ठावीस वर्षं तो त्या डोंगरावर जातोय. पहिली सहा वर्षं डोक्यावर ओझं, मग चार वर्षं भांडी, आणि नंतर आचारी. शिखरावर मात्र तो एकदाच गेला. हरवलेल्या एका पाहुण्याला शोधायला.

त्याचं काम बाराफूच्या तळावर बघावं. साडेचार हजार मीटरवर पाणी लवकर उकळतं खरं, पण त्या उकळण्यात दम नसतो. तासभर रटरटलं तरी भात कच्चा राहतो, बटाटा मधे टणक लागतो. नवा आचारी तिथे रडकुंडीला येतो. सिफाएली कुकरच्या झाकणावर दगड ठेवतो, भोवती ओलं पोतं गुंडाळतो, शेगडीला वाऱ्याच्या बाजूने ओझ्यांचा आडोसा करतो आणि शिट्टीच्या आवाजावरून सांगतो, 'आता काढ.' पाहुण्यांना काकडीचं सूप, तळलेला मासा, सकाळी गोड घावन. हमालांना मक्याच्या पिठाच्या उगालीचा गोळा आणि पालेभाजी. स्वतः सगळ्यांच्या शेवटी, पातेल्याच्या तळाशी लागलेलं खरवडून.

गुडघे गेले होते. उतरताना तर ते कुरकुरायचे, अगदी ऐकू यायचे. म्हणून त्याने ठरवलं होतं की डोंगर उतरून पाहुणे जिथे बाहेर पडतात, त्या म्वेकाच्या फाटकाजवळ एक टपरी भाड्याने घ्यायची. तिथे केळ्या-मटणाचं दाट कालवण आणि चहा विकायचा. टपरीच्या आगाऊ रकमेसाठी त्याने दोन वर्षं पैसे साठवले होते. ते पैसे त्या नोटेने खाल्ले. कसे, ते सांगायलाच हवं.

डोंगरावर एक रीत आहे. शेवटच्या दिवशी फाटकाशी हमाल अर्धगोल करून उभे राहतात, पाहुणे समोर उभे राहतात आणि बक्षिशीचं पाकीट दिलं जातं. वाटाड्याचं वेगळं, हमालांचं वेगळं. हमालांचं पाकीट त्यांच्यातला सगळ्यात जुना माणूस घेतो. उजवा हात पुढे, डावा हात उजव्याच्या कोपराला लावलेला, मान खाली. मग सगळे गातात, नाचतात, पाहुणे फोनवर टिपून घेतात. पाकीट मात्र पाहुण्यांसमोर उघडायचं नाही. त्यांची गाडी वळणाआड जाईपर्यंत त्याकडे बघायचंसुद्धा नाही. बघणं म्हणजे हावरटपणा. आणि पाकीट ज्याने हातात घेतलं त्याने त्याच संध्याकाळी, कुणी घरी जाण्याआधी, मोशीत डॉलर मोडून प्रत्येकाच्या हातावर शिलिंग ठेवायचे. उद्या नाही, परवा नाही. त्याच संध्याकाळी.

जानेवारीत क्लाइव्ह नावाचा एक गोरा आपल्या देशातून पाच जण घेऊन आला होता. तो दरवर्षी दोनदा येतो. त्याच्या शर्टाच्या पाठीवर लिहिलेलं असतं की हे लोक आफ्रिकेतल्या मुलांसाठी पैसे उभे करायला डोंगर चढताहेत. त्याने पाकीट दिलं, हमाल गायले, गाडी वळणाआड गेली. आत तीन नोटा निघाल्या. मोशीत डॉलर मोडून देणाऱ्या खिडकीवरच्या मुलीने दोन ठेवून घेतल्या आणि तिसरी बोटाच्या टोकाने परत सरकवली.

"साल बघा, बाबा."

"साल बघून काय करू? शंभर लिहिलंय ना?"

"माझ्याकडे नका बघू. पुढचा या."

बाहेर अठरा माणसं उभी होती. कुणाला रोंबोची शेवटची बस पकडायची होती, कुणाची बायको बाळंत व्हायची होती. सिफाएलीने कुणाला काही सांगितलं नाही. फोन काढला, टपरीसाठी फोनच्या खात्यात साठवलेल्यातून एका नोटेच्या किमतीचे शिलिंग समोरच्या दुकानातून उचलले आणि अठरा जणांच्या हातावर पूर्ण वाटा ठेवला. ओफोरो नावाच्या हमालाच्या लक्षात आलं तेवढं. ओफोरो म्हणजे गटातला टवाळ. अंगाने काटकुळा, पण वीस किलो डोक्यावर घेऊन वाकुल्या दाखवत चढणारा.

"बाबा, तिसऱ्या नोटेचं काय झालं?"

"चालली."

"कुठे चालली? तुमच्या खिशात चालली ती."

"गप बस आणि बस पकड."

मग सुरू झाली त्या नोटेची यात्रा. बँकेत म्हणाले, खातं आहे का? खातं काढलं, तर म्हणाले, यंत्रात बसत नाही. अरुशाला गेला, तर भाडं गेलं आणि नोट परत आली. घड्याळं दुरुस्त करणारा एक जण म्हणाला, पाच हजार शिलिंग देतो, काचेत घालून दुकानात लावीन. चर्चमधल्या फादरने कुणा परदेशी पाहुण्याला विचारून बघतो म्हणून ती महिनाभर ठेवून घेतली आणि आशीर्वादासह परत दिली. लांब पावसाचे महिने आले नि गेले. फाटकाजवळची ती टपरी जोडे भाड्याने देणाऱ्या एका पोराने घेतली.

सप्टेंबरात कंपनीची यादी लागली. क्लाइव्हचा गट, पाच पाहुणे, आचारी सिफाएली मकुंडी. त्या रात्री त्याने सदरा झटकला, आतला खिसा तपासला आणि वर दोन टाके घातले.

आनांसियाने दिव्याच्या उजेडात ते पाहिलं. "त्याला परत देणार?"

"त्याची आहे. त्याला देणार. बदल्यात चालणारी घेणार."

"आणि तो देईल?"

"न द्यायला काय? चुकून आली असेल."

"चुकून!" आनांसिया हसली. "अहो, तुमच्या पातेल्यात कधी चुकून पाहुण्यांचा मासा आला का? दरवेळी पालाच कसा येतो?"

वाटाड्या होता हेरीएल. तिशीचा, इंग्रजी फाडफाड बोलणारा, सिफाएलीच्या हाताखालीच भांडी घासून वर आलेला. दुसऱ्या दिवशी तळावर सिफाएलीने त्याला बाजूला घेतलं आणि टाके उसवून नोट दाखवली.

हेरीएलने आधी मागे वळून पाहिलं. "बाबा, आत ठेवा ती. पाहुण्याकडे पैसे मागायचे नाहीत, माहीत आहे ना? नाव कटेल."

"मी मागत नाहीये. परत करतोय."

"शिखर होऊ द्या. मग बोलतो मी. आत्ता त्याला डोंगर चढायचाय, डोकं जड आहे त्याचं."

ठीक. शिखर झालं. क्लाइव्ह वरून खाली आला, तंबूत झोपला, उठून दोन वाट्या सूप प्यायला आणि सिफाएलीच्या पाठीवर थाप मारून म्हणाला की जगात असा आचारी नाही. सिफाएलीने हेरीएलकडे पाहिलं. हेरीएल शेगडीकडे बघत होता.

"आता?"

"फाटकाशी, बाबा. फाटकाशी सगळे खूश असतात."

"पोरा, एक सांग. त्याला ठाऊक नसेल ना? जुनी नोट इथे चालत नाही हे?"

 हेरीएलने खिशातून कंपनीचा घडी घातलेला कागद काढला, जो प्रत्येक पाहुण्याला घरून निघण्याआधी पाठवतात. त्यावर औषधं, मोजे, पाण्याच्या बाटल्या यांची यादी होती. खाली एक ओळ होती. ती त्याने बोट ठेवून वाचून दाखवली. डॉलर दोन हजार सहानंतरचेच आणावेत. विमानतळावर, हॉटेलात, सहलीच्या कुठल्याही ठिकाणी जुने कुणी घेत नाही.

"हा कागद त्याला गेला होता? जानेवारीत?"

"दरवर्षी जातो."

सिफाएलीने कागद परत दिला आणि पातेलं घासायला घेतलं. भांडी घासणारा वेगळा माणूस होता, तरी त्यानेच घेतलं. राखेने, जोर लावून, पार चकचकीत होईपर्यंत. ओफोरो जवळ येऊन उभा राहिला आणि न सांगता राख पुढे सरकवत राहिला.

सातव्या दिवशी सकाळी दहाला ते फाटकाशी उतरले. तिथे प्रेगॉडच्या आईचं खोकं आहे. पोराचं नाव प्रेगॉड, म्हणून तिला सगळे प्रेगॉडची आई म्हणतात, तिचं स्वतःचं नाव तीही विसरली असेल. सोडा, बिअर, तळलेले बटाटे, डोंगराचं चित्र असलेल्या टोप्या. हात जाड, आवाज त्याहून जाड. क्लाइव्हला सगळ्या पाहुण्यांना बिअर पाजायची होती. त्याने कमरेच्या पिशवीतून शंभरची नोट काढून फळीवर ठेवली.

प्रेगॉडच्या आईने नोट उचलली नाही. नुसती मान वाकवून वाचलं. "दोन हजार तीन. हे नको."

"हे खरे डॉलर आहेत," क्लाइव्ह म्हणाला. एवढं इंग्रजी सिफाएलीला कळत होतं. तो सहा पावलांवर ओझी उतरवून घेत होता.

"खरे असतील तुझ्या घरी. इथे नको. शिलिंग दे. नाहीतर फोनवर टाक."

"शंभर डॉलर म्हणजे तुझं अख्खं खोकं येईल यात!"

"मग खोकं तुझ्या देशात विकायला ने," प्रेगॉडची आई आपल्या भाषेत म्हणाली आणि बिअरच्या बाटल्या फळीवरून मागे घेतल्या.

हमाल हसले. क्लाइव्हचा चेहरा उन्हाने आधीच लाल होता, तो आणखी लाल झाला. त्याच्या गटातल्या एका तरुण मुलीकडे शिलिंग होते, तिने बिअरचे पैसे दिले. क्लाइव्हने ती नोट हातात धरून क्षणभर इकडे तिकडे पाहिलं, टाकायला जागा शोधावी तसं. मग पाठीवरच्या पिशवीतून पांढरं पाकीट काढलं. पाकिटावर हमालांसाठी असं लिहिलेलं होतं. त्याने नोट त्यात सरकवली, कड जिभेने ओली केली आणि पाकीट बंद केलं.

सिफाएलीने हे सगळं पाहिलं. उघड्या डोळ्यांनी, दहाच्या उन्हात, सहा पावलांवरून. आठ महिने तो स्वतःला सांगत आला होता की चूक असेल, घाईत असेल, घरच्या कपाटात पडून राहिलेली असेल. आता सांगायला काही उरलं नाही. विमानतळाने नाकारलेली, हॉटेलने नाकारलेली, बटाटे तळणाऱ्या बाईने नाकारलेली नोट शेवटी कुठे जाते? जो माणूस तोंडावर नाही म्हणू शकत नाही त्याच्या हातात जाते. जो मान खाली घालून, कोपराला हात लावून घेतो आणि वर गाणं म्हणतो.

अर्धगोल झाला. पाहुणे समोर उभे राहिले. पाचांचे फोन वर झाले. हेरीएलने छोटंसं भाषण केलं. ओफोरोने टाळीचा ठेका धरला, मागच्या रांगेने पाय उचलले. क्लाइव्ह पुढे आला आणि हसत पाकीट धरलं.

सिफाएलीने ते घेतलं. उजव्या हाताने. डावा हात कोपराला लावला नाही. मान वाकवली नाही. आणि अठ्ठावीस वर्षांत कुणी केलं नव्हतं ते केलं. पाकिटाची कड फाडली.

टाळी थांबली.

"बाबा," हेरीएल ओठ न हलवता म्हणाला, "काय करताय? गाणं व्हायचंय अजून."

"गाणं नंतर."

त्याने शेजारचं मोठं पातेलं उपडं घातलं, तेच राखेने घासलेलं, आणि त्यावर एकेक नोट ठेवत गेला. डोळ्यांजवळ नेऊन साल वाचायचं आणि ठेवायचं. चार नोटा होत्या. दोन डाव्या बाजूला, दोन उजव्या बाजूला. मग त्याने सदऱ्याचे पुन्हा घातलेले टाके दातांनी तोडले आणि आठ महिन्यांच्या घामाने मऊ झालेली तिसरी नोट उजव्या बाजूला ठेवली.

"हेरीएल, त्याला सांग. या दोन घेतल्या. या तीन त्याच्या, त्याने घेऊन जाव्यात आणि चालणाऱ्या द्याव्यात."

हेरीएल इंग्रजीत बोलला. फार लांब बोलला. त्यात 'कृपया' आणि 'छोटीशी अडचण' असे शब्द आले. सिफाएलीचं इंग्रजी स्वयंपाकघरातलं, गरम पाणी, अजून चहा, हात धुवा, इतपत. पण अडचण हा शब्द त्याला कळत होता.

"अडचण नाही म्हणावं. जसं मी बोललो तसं सांग."

"बाबा, मला नोकरी आहे."

"मला पण होती," सिफाएली म्हणाला आणि क्लाइव्हकडे वळून स्वतःच्या इंग्रजीत सांगू लागला. बोट दाखवत, एकेक शब्द, गरम भांडं पुढे करावं तसा. "ही, तू, जानेवारी. ही, तू, आज. ती बाई, नाही म्हणाली. तू, पाकिटात. मी पाहिलं."

क्लाइव्ह आधी हसला, मग आजूबाजूला बघून हसायचा थांबला. तो म्हणाला की या नोटा जगात कुठेही चालतात. तो म्हणाला की हा तुमच्या सरकारचा प्रश्न आहे. तो म्हणाला की त्याने मनापासून दिलं आणि त्यावर अशी तक्रार होते हे बघून त्याला वाईट वाटतं. शेवटचं वाक्य हेरीएलने भाषांतर करून सांगितलं नाही, पण ते सगळ्या हमालांना चेहऱ्यावरून समजलं.

"वाईट वाटतं म्हणतोय का?" ओफोरोने विचारलं.

"हो."

"मग त्याला सांगा, आम्हाला पण वाटतं. पण आम्ही वीस किलो डोक्यावर घेऊन वाटून घेतो, म्हणून दिसत नाही."

कुणी हसलं नाही. अठरा माणसं उभी होती, हात खाली सोडून. कुणी ठेका धरला नाही. समोरचे फोन अजून वर होते, त्यांत काय टिपलं जात होतं देव जाणे. शांतता तेवढी टिपली गेली असेल. ज्या मुलीने बिअरचे पैसे दिले होते तिने फोन सगळ्यांत आधी खाली घेतला. ती खोक्याशी गेली आणि प्रेगॉडच्या आईला खुणेने काहीतरी विचारलं. प्रेगॉडच्या आईने आपल्या गल्ल्यातली नवी दहा डॉलरची नोट काढली, तिच्यावरचं साल बोटाने दाखवलं, मग बोट पातेल्याकडे नेलं आणि मान हलवली. मुलगी परत आली आणि क्लाइव्हशी हळू आवाजात, भराभर बोलू लागली. दुसरा एक पाहुणा जमिनीकडे बघत उभा राहिला.

शेवटी क्लाइव्हने कमरेची पिशवी उघडली.

त्या पिशवीत काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलं. कागदाच्या पट्टीत बांधलेली, कोरी, करकरीत नोटांची गड्डी. एकीलाही घडी नाही. हॉटेलासाठी, समुद्रावरच्या सुट्टीसाठी राखलेली. म्हणजे त्याच्याकडे नव्हत्या असं नव्हतं. त्याला ठाऊक नव्हतं असंही नव्हतं. त्याने घरी बसून, टेबलावर, दोन ढीग केले असतील. चालणाऱ्या इकडे, न चालणाऱ्या तिकडे. आणि तिकडे म्हणजे इथे.

त्याने दोन नव्या नोटा काढून पातेल्यावर ठेवल्या आणि दोन जुन्या उचलल्या. मऊ नोटेला हात लावला नाही.

"ही माझी नाही," तो म्हणाला. "आठ महिन्यांत कुणीही दिली असेल."

हेरीएलने हे मात्र शब्दशः सांगितलं. सिफाएलीने ऐकलं. त्याच्याकडे पावती नव्हती. बक्षिशीची कुठे पावती असते? त्याच्याकडे अठरा साक्षीदार होते, पण डोंगरावरच्या हमालाची साक्ष कुणी कुठे घेतली आहे?

"बाबा," ओफोरोने दबक्या आवाजात विचारलं, "गायचं का?"

सिफाएलीने पातेल्याकडे पाहिलं. "तीन नोटा होत्या. दोन बदलून दिल्या ना?"

"हो."

"गाण्याची कडवी किती?"

"तीन."

"मग दोन गा."

आणि ते गायले. पहिलं कडवं गायले, दुसरं गायले, टाळ्या वाजल्या, पाय उचलले. क्लाइव्ह पुन्हा हसायला लागला, दोघातिघांचे फोन पुन्हा वर झाले. दुसरं कडवं संपलं आणि अठरा माणसं मधेच, उचललेला पाय खाली ठेवून, वळली आणि ओझी ट्रकवर चढवायला गेली. पाहुणे थोडा वेळ तसेच उभे होते, पुढचं येईल म्हणून.

त्या संध्याकाळी मोशीत चारही नोटा खिडकीतून एका झटक्यात आत गेल्या. खिडकीवरची मुलगी वर बघून म्हणाली, "आज काही भानगड नाही वाटतं, बाबा?" कुणाच्याही बसला उशीर झाला नाही.

दुसऱ्या आठवड्यात कंपनीच्या यादीत सिफाएली मकुंडी हे नाव नव्हतं. त्याने विचारलं तेव्हा कचेरीतला माणूस म्हणाला, वय झालं बाबा, गुडघे बघा तुमचे. गुडघे पाच वर्षांपूर्वीपासून तसेच होते. हेरीएलचं नाव राहिलं. सिफाएलीला त्याचा राग आला नाही असं नाही, आला, पण तो भांडी घासत होता तेव्हाचा हेरीएल त्याला आठवला आणि राग दुसरीकडे, जिथे जायला हवा तिथे गेला.

टपरी मिळाली नाही. प्रेगॉडच्या आईने खोक्याच्या बाजूला चार फूट जागा करून दिली. "भाडं नको," ती म्हणाली, "कालवण दे दुपारचं. आणि त्या नोटेचं काय करणार आहेस? छातीशी धरून मरणार?"

सिफाएलीने टाके उसवलेल्या खिशातून नोट काढली. तिने ती घेतली, खोक्याच्या झापेवर, बरोबर पाहुण्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरली आणि चपलेच्या टाचेने खिळा ठोकला. खाली हेरीएलकडून इंग्रजीत एक ओळ लिहून घेतली. ही नोट आम्ही घेत नाही. आमचे हमालही घेत नाहीत.

डोंगर उतरून आलेला प्रत्येक पाहुणा तिथून जातो. बहुतेक जण हसतात आणि फोटो काढतात. काही जण वाचून थांबतात, पिशवीतलं पांढरं पाकीट काढतात आणि पाठ करून त्यात काहीतरी बदलतात. आनांसिया कालवणाचं पातेलं घेऊन येते, तेव्हा ते तिच्या नजरेतून सुटत नाही. "बघा," ती म्हणते, "चुकून आली होती म्हणे!"

अंधार पडायच्या आत प्रेगॉडची आई खोकं बंद करते. टोप्या आत घेते, बटाट्यांची टोपली आत घेते, शेगडीला साखळी लावते. सोड्याच्या रिकाम्या बाटल्यासुद्धा एक एक करून आत नेते, कारण बाटल्या चोरीला जातात. नोट बाहेरच असते.